साबणावरचे जहाज

पुढची बाजू

बेसिनमध्ये टण्ण असा आवाज झाला, मग घरंगळल्याचा, मग गिळल्याचा.

"अहो, साबणातून काहीतरी पडलं!" बायको ओरडली.

तिचे यजमान, गावात चष्म्याचे दुकान चालवणारे चष्मेवाले, बाहेर शर्टाची बटणे लावत होते. तिसरे बटण चौथ्या काजात गेले. "काहीतरी काय! बाबांचं नाणं ते!"

"साबणात नाणं?"

"ठसा घेत होतो. अडकून बसलं, म्हणून जरा सुकायला ठेवलं."

"आज? म्युझियमच्या बाई यायच्या वेळेला? आणि माझ्याच साबणात?"

घरातली ही जुनीच रीत. वडील झिजलेली रोमन नाणी ओल्या साबणावर दाबायचे. नाणे जे लपवते ते साबण सांगतो, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे चष्मेवाल्यांचे बालपण कुठल्या ना कुठल्या सम्राटाने पाठ घासण्यात गेले. चार आंघोळींत सम्राटाचे नाक जायचे, मग कान, आणि आई म्हणायची, "संपलं बाई एकदाचं साम्राज्य."

कड

तांबे. हिरवट. रोमच्या कुठल्याशा दूरच्या प्रांतातल्या शहराने पाडलेले. अक्षरे झिजलेली, त्यामुळे शहर कोणते ते कळत नाही.

एका बाजूला मुंडके. वडिलांचा नियम कडक: "नाणं वहीचं पान उलटतो तसं उलटायचं. डोकं वरचं वरच राहिलं पाहिजे." तसे उलटले की मागे जहाज. "ह्या डोलकाठ्या, ही खाली वल्ही. बंदराचं गाव असणार." एकदा ते पाहुण्यांना अगदी रंगून सांगत होते, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेले चिरंजीव, म्हणजे लहानगे चष्मेवाले, म्हणाले, "बाबा, ही तर कोंबडी आहे. भिजलेली."

पाहुणे पोट धरून हसले. वडीलही हसले. पण त्यानंतर त्यांनी मुलाला त्या टेबलाशी कधी हाक मारली नाही.

आता वडील नव्हते. म्युझियममधून निवृत्त झालेल्या बाई आज नाणे ओळखायला येणार होत्या, आणि साऱ्या गावाला नीट बघायला लावणाऱ्या चष्मेवाल्यांना त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता. जहाज.

मागची बाजू

बाई आल्या तेव्हा यजमान बेसिनखाली आडवे होते. फक्त पाय दिसत होते.

"या ना," बायको म्हणाली. "तुमचं नाणं पाइपात आहे."

"मातीतून काढलेली पुष्कळ पाहिली," बाई पदर खोचत म्हणाल्या. "हे नवीनच. बॅटरी द्या इकडे."

वाकडा पाइप सुटला. आधी काळे पाणी आले, ते चष्मेवाल्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर. मग केसांचा बोळा. मग बायकोचे हरवलेले कानातले.

"हे तुम्ही कामवालीवर ढकललं होतं," बायको म्हणाली.

"मी नाही, तू!"

"तेच ते."

शेवटी नाणे आले. बाईंनी ते पुसून टेबलावर ठेवले आणि हात धुवायला साबण उचलला. उचलला तो उचललाच. नळ वाहत राहिला.

"अहो, हा गरुड छान उठलाय!"

"कोण गरुड?"

"हा काय. पंख पसरलेला, दोन पायांवर उभा."

चष्मेवाल्यांनी नाणे उचलले आणि पानासारखे उलटले. "नाही हो, जहाज आहे. ह्या डोलकाठ्या, ही वल्ही."

"ते गरुडाचे पाय आणि पंख. तुम्ही त्याला शीर्षासन करायला लावलंय. या नाण्याचा मागचा ठसा उलटा मारलेला असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतो ना, खालून वर, तसं उलटा." त्यांनीच उलटून दाखवले. "समोर बसलेल्याला मात्र आपोआप सरळ दिसेल."



"म्हणजे लहानपणी तुम्ही बरोबर होतात!" बायको म्हणाली. "कोंबडी नसेल, पण पक्षी तरी."

चहा घेऊन बाई गेल्या. चष्मेवाले टेबलाशी आले. पलीकडच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे वळले, थांबले, आणि वळसा घालून वडिलांच्या खुर्चीत बसले. नाणे पुढ्यात घेतले. डोके वर. पान उलटतात तसे उलटले.

बायकोने नाण्याच्या पाकिटावर लिहायला पेन उघडले. "काय लिहू? गरुड?"

"जहाज."

"अहो, पण बाई आत्ताच..."

"तू जरा इकडून येऊन बघ."

ती त्यांच्या मागे येऊन खांद्यावरून वाकली. हातांना अजून साबणाचा वास होता. तिने बराच वेळ पाहिले.

"अय्या," ती हळूच म्हणाली, "सुटलंसुद्धा की बंदरातून."