सोन्याच्या गावात खोटी पोत

आमच्या दाजींना कुणी रस्ता विचारला, की ते आधी विचारणाऱ्याच्या गाडीचा नंबर बघतात, मग आक्काला आपल्या पाठीमागं घेतात आणि मग सांगतात, "आमी इथले नाय." सगळी नोकरी, सगळा संसार सिडकोच्या वसाहतीत राहून झालेला माणूस. स्वतःच्या फाटकात उभं राहून सांगतो, इथला नाय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "यात कायतरी डाव हाय." दूधवाल्यानं माप थोडं सढळ घातलं, डाव हाय. शेजारी हसून बोलला, डाव हाय. बँकेनं वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या तर दिवसभर घरात फेऱ्या मारत होते, की ह्या लोकांना माझी जन्मतारीख दिली कुणी?

मूळचे मात्र असे नव्हेत. एके काळी कुणी पत्ता विचारला, तर हा माणूस चपला घालून त्याच्या सोबत निघायचा. मग एका सकाळी दोघं फिरायला गेले असताना मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी विचारलं, काका, पाचोडचा रस्ता कुठून? पाचोड म्हणजे दाजींचं गाव. झालं, कळी खुलली. "पाचोडात कुणाकडं जायाचं? कोन गल्ली?" दाजी हातवारे करून मारुतीच्या पारापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात मागच्या पोरानं आक्काच्या गळ्यातली पोत ओढली आणि गाडी पसार. दाजींनी नवी पोत घडवून आणली, पण आक्काला काही गळ्यात घालू दिली नाही. कुठं ठेवली तेही सांगितलं नाही. तेव्हापासून आक्का खोटी पोत घालते.

माझी लेक मेलबर्नला असते. ती म्हणाली, मावशी-काकांना घेऊनच ये. गेलो. तिथून तास-दीड तासावर बॅलरॅट नावाचं शहर आहे. जुन्या काळी तिथं मातीत सोनं निघालं आणि जगभरातून माणसं कुदळी घेऊन धावली. त्या काळची दुकानं, घोडागाड्या, ओढा, सगळं आता पाहुण्यांसाठी पुन्हा मांडून ठेवलंय.

निघायच्या सकाळी आक्का म्हणाली, "संगं आणली असंल तर आज तरी खरी पोत घालू द्या. फोटो निघतील."

"सोनं हुडकायच्या गावात सोनं घालून हिंडायचं?" दाजी म्हणाले. "डोकं फिरलंय का तुझं?"

आक्कानं गुमान खोटी घातली. गाडीत मला हळूच म्हणाली, "मी मेल्यावरच घालतील बघ माझ्या गळ्यात." मला दाजींचा इतका राग आला, की वाटेत त्यांनी दिलेली चिक्कीसुद्धा मी घेतली नाही.

आत शिरल्या शिरल्या दाजींनी सगळी फाटकं हेरून ठेवली. का, तर पळायची वेळ आली तर. मधूनमधून छाती चाचपत होते. मला वाटलं, हृदयाचं काही आहे की काय. लेकीला म्हटलं, जवळ डॉक्टर आहे का बघून ठेव.

ओढ्यावर प्रत्येकाला एक पसरट थाळी देतात. वाळू घ्यायची, पाण्यात हलवायची, तळाशी सोनं राहतं. दाजींच्या थाळीत खरंच एक कण चमकला. दुसरा कुणी नाचला असता. दाजींनी कणाकडं बघितलं, मग ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलं.

"सारी दुनिया इथली माती गाळून गेली, आन् माझ्यासाठी एक कण ठिवला व्हय? डाव हाय. इचार त्याला."

लेकीनं लाजत लाजत तिथल्या माणसाला विचारलं. तो हसून म्हणाला, हो, आम्हीच टाकतो. लांबून आलेली माणसं रिकाम्या हातानं जाऊ नयेत म्हणून.

"बघ," दाजी मला म्हणाले. पण थोड्या वेळानं पुटपुटले, "पर सांगून टाकलं की त्यानं." लबाडी करून वर कबूलही करणारा माणूस त्यांच्या हिशोबात काही बसेना.

लेक चहा आणायला गेली. आम्ही तिघं बाकाजवळ उभे होतो. तेवढ्यात एक म्हातारं गोरं जोडपं समोर आलं. आजोबांनी काठी सावरत दाजींनाच विचारलं, गाड्या लावतात तिकडं कसं जायचं?

दाजींचा हात सटकन आक्काच्या गळ्यावर गेला. खोटी पोत त्यांनी मुठीत झाकली. नंबर बघायला गाडी नव्हती. "आमी इथले..." असं सुरू केलं, आणि कधी नव्हे ते या खेपेला ते खरंही होतं.

आक्का खाली बघतच म्हणाली, "सांगा की त्यान्ला. खोटीच हाय गळ्यात. नेली तर नेली."

माझ्या जिभेवर एक टोमणा तयार होता, तो मी गिळला.

मग त्यांनी मूठ सोडली. "स्ट्रेट गो," ते म्हणाले. "देन बेकरी. बेकरी नॉट लेफ्ट, राइट." आजोबांना काही उमगेना, तेव्हा दाजी स्वतःच त्यांच्या सोबत निघाले. जाताना विचारत होते, "यू फ्रॉम व्हिच व्हिलेज?"

परत आले ते थेट एका भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सदऱ्याची बटणं सोडली, बंडीच्या चोरखिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत आक्काची पोत.

"लॉकरवर काय भरवसा?" मी न विचारताच मला म्हणाले.

खोटी काढून खरी घालायला त्यांना बराच वेळ लागला. आक्का मान वाकवून उभी होती आणि रडत होती.

रस्त्यावर एक घोडागाडी तेवढी होती, तरी दाजी आक्काच्या बाहेरच्या, रस्त्याकडच्या अंगाला आले.

"त्या दिशी मी आतल्या अंगानं चालत हुतो," ते म्हणाले.

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली. "चला, पोरगी च्या घिऊन थांबलीय."