रिकाम्या खुर्चीचे खरातबाबा

फादर सायमन खरात रोजची उपासना, म्हणजे मिस्सा, करताना एकदाच खोकायचे, आणि तेही नेमक्या एकाच जागी. जुन्या लॅटिन मिस्सेत पोपसाहेबांचं नाव घेऊन प्रार्थना करायची जागा येते, तिथे. हा भाग धर्मगुरू पुटपुटत म्हणतो, त्यामुळे सगळीकडे शांत असायचं, आणि त्या शांततेत हा खोकला. दाराशी बसणाऱ्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपराने ढोसायच्या. त्यांच्यातल्या सोनाबाईंनी एकदा विचारलंच, "बाबा, तेवढ्याच जागी कसा वो येतोय खोकला?"

"खुर्ची रिकामी हाय, सोना," बाबा म्हणाले. "रिकाम्या खुर्चीला काय नावानं हाक मारू?"

ती खुर्ची रोमची, पोपची. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, तेव्हाच बाबांनी ठरवून टाकलं, की असले बदल करणारा माणूस खरा पोप असूच शकत नाही. ही बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची गोष्ट. श्रीरामपूरजवळच्या त्या गावात मी नवा फादर होतो. बाबा निवृत्त झालेले. बिशपसाहेबांनी त्यांना मागच्या खोलीत एकट्याने जुनी मिस्सा करायची मुभा दिली होती; म्हाताऱ्या बसायच्या त्या तिच्याच दाराशी. माझी गुरुदीक्षा नव्या विधीने झालेली, म्हणून माझं फादरपण त्यांना मंजूर नव्हतं. मला ते मास्तर म्हणायचे. "काय मास्तर, आटपली का सभा?" सभा म्हणजे माझी मिस्सा.

त्यांच्या हिशेबाने पुऱ्या जिल्ह्यात खरे धर्मगुरू दोनच उरले होते. एक ते स्वतः, दुसरे राजूरला राहणारे फादर लाझरस साळवे. दोघे धर्मगुरू घडवणाऱ्या एकाच सेमिनरीत शिकलेले. तीस वर्षं दर महिन्याला एकमेकांकडे जाऊन पापनिवेदन करायचे. साळवेही जुनीच मिस्सा करत, पण पोपसाहेबांचं नाव घेऊन. तिथे ठिणगी पडली.

भांडण पोस्टकार्डांवर चालायचं. त्यामुळे आमचे पोस्टमन किसनराव, माळकरी माणूस, त्यातले जाणकार झाले. सायकल टेकवता टेकवता निकाल सांगायचे. "बाबा, राजूरवाले म्हणत्यात खुर्चीवर माणूस हाय. बाप चुकला म्हनून बाप न्हाई का, असं इचारत्यात."

"त्याला लिव्हतो, बापच नसंल तर?"

"म्या सांगू का? पत्ता बदलला असंल त्येंचा."

शेवटचं कार्ड बाबांनी धाडलं. तू त्या माणसाचं नाव घेतोस तोवर तुझ्यापुढे मी गुडघे टेकणार नाही. साळव्यांचं उत्तर आलं नाही. किसनरावांनाच जास्त वाईट वाटलं.

आणि मग बाबांना भीतीने धरलं. पापाची क्षमा न मिळता मरण आलं तर? क्षमा देऊ शकेल असा माणूस एकच, आणि त्याच्याशी तर तोडलेलं. ते विहिरीकडून जाईनात. मासे सोडले, काटा अडकेल म्हणून. एसटीत बसेनात. झोपायचेही बसून; आडवं झालं की मरण सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं. सोनाबाई हसायची. मीही हसायचो. दीड वर्ष तो माणूस जीव मुठीत धरून जगला, हे मला हसताना समजलं नाही.

चैत्रात ते आजारी पडले. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन मान हलवली. बाबांनी मला जवळ बोलावलं. "मास्तर, राजूरला जावा. लाझरसला आना. म्हनावं, सायमननं हात जोडलेत."

आता जे लिहितो ते मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बिशपसाहेबांनी मला आधीच बजावलं होतं, की त्या दोघांना एकत्र येऊ देऊ नका, लोकांत गट पडतील, आणि पडले तर जबाबदारी तुमची. मी संगमनेरपर्यंत गेलो. राजूरची गाडी लागलेली होती. कंडक्टरने मला दोनदा विचारलं, बसताय का. मी नाही म्हणालो. स्टँडवर तासभर बसलो आणि उलटी गाडी धरली.

येऊन सांगितलं, "साळवे म्हणाले, आधी पोपसाहेबांचं नाव घे, मग येतो."

"लाझरस असं म्हनला?"

"हो."

"मास्तर, तुमी भ्यालात. मलाबी भ्या वाटतंय, म्हनून वळखू येतं."

मी उठलो, आत्ता निघतो म्हणालो. त्यांनी मनगट धरलं. हातात जोर नव्हता, तरी मला सोडवता आलं नाही.

"आता टाइम न्हाई. आन् हे त्याला कळू देऊ नका. लई कडक हाय तो, तुमाला माफ करायचा न्हाई. सांगा, सायमनच नको म्हनला. माझ्यावर टाका." मग म्हणाले, "पापनिवेदनाची जांभळी पट्टी घाला गळ्यात. तुमीच ऐका. एकट्यानं जायाचं भ्या वाटतंय."

ते काय बोलले ते माझ्याबरोबर जाईल. माझ्या क्षमेवर त्यांचा विश्वास बसला का, हे मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मातीला साळवे आले, काठी टेकत. मला बाजूला घेऊन विचारलं, "मला का नाही बोलावलं?" बाबांनी शिकवलेलं उत्तर मी दिलं. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "शेवटचं कुणी ऐकलं त्याचं?"

"मी."

"मग माझंही आता तूच ऐक. दुसरं कोण उरलंय?"

पुढे सात वर्षं दर महिन्याला ते राजूरहून एसटीने यायचे. माझ्यापुढे गुडघे टेकायचे, मी त्यांच्यावर हात धरायचो. सगळं संपलं, मी पट्टी काढून घडी घातली, की दारापर्यंत जाऊन थांबायचे आणि दर वेळी तेच विचारायचे.

"सायमन खरंच नको म्हणाला होता का रे?"

आणि मी दर वेळी हो म्हणायचो.