अँटेनारावांचा लाल ठिपका

अँटेनारावांना मागची खोली वाचवायची होती, एवढीच काय ती गोष्ट. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

पाणीपुरवठा कार्यालयात चुकलेली बिलं दुरुस्त करणारा हा पापभीरू माणूस. पण घरी आला की मागच्या खोलीत शिरायचा आणि हौशी रेडिओवर कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांशी गप्पा मारायचा. (गप्पा कसल्या, "तुमचा आवाज स्वच्छ येतोय, माझा येतोय का?" दोन्हीकडून हो आलं की दोघेही धन्य.) गच्चीवरच्या काठ्या आणि तारा पाहून गल्लीनेच त्यांना हे नाव बहाल केलं होतं.

तर झालं असं, की सासरेबुवा महिनाभर राहायला येणार होते. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फर्मान काढलं: बाबा मागच्या खोलीत, रेडिओ माळ्यावर. अँटेनारावांचा जीव खालीवर झाला. ते म्हणाले, रेडिओ घराच्या उपयोगाचा आहे, मी सिद्ध करून दाखवतो. बाबांना आणायला मी जाईन आणि गाडी कुठवर आली ते तुला घरबसल्या नकाशावर दिसेल, त्या अंदाजाने तू जेवण गरम कर. बाई म्हणाल्या, बरोबर दिसलं तर खोली तुमची, बाबा बाहेर दिवाणावर झोपतील. चुकलं तर माळा.

युक्ती तशी साधी होती. हातात मावणारं जीपीएस उपग्रहांच्या मदतीने आपला ठावठिकाणा शोधतं. ते तारेने छोट्या रेडिओला जोडलं, की रेडिओ दर दोन मिनिटांनी तो ठावठिकाणा हवेत जाहीर करतो. घरचा रेडिओ तो ऐकतो आणि संगणकावरच्या नकाशात लाल ठिपका सरकतो. फक्त एका यंत्राची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडावी लागते. अँटेनारावांनी बोलायची बोलायचीला जोडली, ऐकायची ऐकायचीला, आणि ठिपका काही उमटेना म्हणून डोकं धरून बसले. शेवटी चहा घेऊन आलेल्या बाईंना त्यांनी घोळ समजावून सांगितला.

"म्हणजे दोघंही बोलतायत आणि ऐकत कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "मग यात नवीन काय?"

अँटेनारावांनी तारांची अदलाबदल केली आणि ठिपका उमटला. मग नकाशा मोठा कसा करायचा, ठिपका थांबला तर किती वेळ थांबला ते कसं पाहायचं, हेही त्यांनी बाईंना मन लावून शिकवलं. (आपल्या पायावर पाडायचा धोंडा असा घासूनपुसून ठेवणारा माणूस विरळाच.)

रविवारी जीपीएस आणि छोटा रेडिओ गाडीत ठेवून ते ऐटीत निघाले. बसस्थानकाच्या जरा अलीकडे भंगारवाल्याचं गोदाम लागतं. नेमकं दार उघडं होतं, आणि दारातच एक जुना, मजबूत ट्रान्सफॉर्मर पडलेला. बस यायला अवकाश होता. नुसतं बघून तर येऊ, म्हणून अँटेनाराव उतरले. आता हौशी माणसाचं भंगारात नुसतं बघणं कसं असतं ते काय सांगावं! तासाभराने ट्रान्सफॉर्मर डिकीत घालून ते बसस्थानकावर धावले, तेव्हा सासरेबुवा भर उन्हात आपल्या ट्रंकेवर बसून रुमालाने वारा घेत होते. डिकी भरलेली असल्यामुळे ट्रंक त्यांच्या मांडीवर आली.

वाटेत अँटेनारावांनी पुलावर टायर पंक्चर झाल्याची हकीकत रंगवून सांगितली. सासरेबुवा निवृत्त मुख्याध्यापक. अशा हकीकती त्यांनी जन्मभर ऐकल्या होत्या. ते फक्त "हं" म्हणाले.

घरी पोहोचल्यावर अँटेनारावांनी बाईंना पुन्हा तोच पूल ऐकवला, आणि पुरावा म्हणून ट्रान्सफॉर्मरने काळे झालेले हात पुढे केले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला शांतपणे मागच्या खोलीत नेलं आणि नकाशा दाखवला.

"यंत्र म्हणतं, गाडी पुलावर थांबलीच नाही. भंगारवाल्याकडे तासभर उभी होती. आता तुम्हीच सांगा, खोटं कोण बोलतंय? यंत्र चुकत असेल, तर माळा मी झाडून ठेवलाय."

अँटेनारावांची इकडे आड तिकडे विहीर झाली. यंत्र चुकलं म्हणावं तर खोली जाते, बरोबर म्हणावं तर अब्रू जाते, आणि दारात सासरेबुवा ट्रंक धरून निकालाची वाट पाहत उभे. उपग्रहांवर काहीतरी ढकलून द्यावं, असं एकदा त्यांच्या मनात आलंही. पण समोर तो रेडिओ बिचारा मिणमिणता दिवा लावून बसला होता. त्याच्यावर खोटा आळ घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच खोटं बोललो."

"मग उपयोगाचं आहे म्हणायचं," बाई म्हणाल्या. त्या शब्दाच्या पक्क्या. रेडिओ खोलीतच राहिला, आणि सासरेबुवा कुरकुर न करता दिवाणावर गेले.

फक्त ते जीपीएस आणि छोटा रेडिओ बाईंनी बाजाराच्या पिशवीत कप्पा शिवून बसवले, आणि घरातली बाहेरची कामं एकाएकी फार वाढली. आज इस्त्रीचे कपडे, उद्या औषधं, परवा नुसतीच कोथिंबीर. परवाची कोथिंबीर घेऊन अँटेनाराव घामाघूम होऊन परतले. आता जरा रेडिओवर बसू, म्हणून मागच्या खोलीत गेले, तर त्यांच्या खुर्चीत बाई होत्या, शेजारी स्टुलावर सासरेबुवा, आणि दोघं मॅच बघावी तसे नकाशात डोळे घालून बसलेले. अँटेनाराव पिशवी घेऊन कौतुकाने संगणकासमोर वाकले.

"अहो, जरा बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "तुम्ही कुठे आहात ते दिसत नाही."