सूर्य रजेवर गेला तेव्हा

आमचे शेजारी आप्पा रोज सकाळी सूर्याची हजेरी घेत. निवृत्त ड्रॉइंग मास्तर ते. लष्करी कॅम्पातल्या लिलावातून खिडक्यांच्या काचा आणल्या होत्या. त्यांखाली काजळी फासलेले तांब्याचे हंडे अंगणात उन्हात ठेवत. दुपारी पाण्यात बोट घालवत नसे.

"आज जरा उशिरा आला, पण शिकवलं चांगलं!" आप्पा कुंपणावरून मला सांगत.

पाणी लागे त्यांच्या थोरल्या बहिणीला, गंगाक्कांना. त्यांना दमा. बंबाच्या धुरानं जीव घुसमटे आणि गार पाणी सोसत नसे. पण बेळगावचा पावसाळा! ढग जमताच गंगाक्का म्हणाल्या, "बंब पेटवलास तर मी कोगनोळीला जाते रं, दिराकडं."

आप्पा सूर्यासाठी बदली मास्तर शोधू लागले.

निपाणीहून तंबाखूच्या वाळक्या काड्या आणून अंगणात पेटवल्या. गल्लीभर शिंका. समोरच्या वकिलांची कवळी गटारात पडली. "नापास," आप्पा म्हणाले.

मग चुनकळी. हंड्याभोवती रचून वर पाणी ओतलं. हंडा तापला, चुनाही उसळला, आप्पांच्या धोतराची चाळण झाली. "हुशार हाय, पण वर्तणूक वाईट."

स्टोव्हला घासलेट नव्हतं, ते रेशनवर. "गैरहजर!"

एका सकाळी आप्पा माझ्या परसात, कोपरापर्यंत हात उकिरड्यात घालून उभे. "वैनी, आत काय ऊब हाय! धूर न्हाय, खर्च न्हाय. लई गुणी उकिरडा तुमचा!"

आमच्या म्हशींच्या शेणाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी परवानगी दिली. घट्ट झाकणाचा हंडा शेणात पुरला. दुसऱ्या दिवशी पाणी कढत.

गंगाक्कांनी नाक उडवलं. "उकिरड्यातलं पाणी? मेल्यावर घाल माझ्या अंगावर!"

मी झाकण काढून एक तांब्या सरळ स्वतःच्या पायावर ओतला. "स्वच्छ आहे. नाहीतर चार महिने कोगनोळीला राहून या. आप्पांचाही ताप वाचेल."

आप्पा हंडाच पुसत राहिले.

"गप्प गं," गंगाक्का मला म्हणाल्या. "ह्यो स्वतः बारा महिने विहिरीवर गार पाण्यानं न्हातोय. मी गेल्यावर कुणासाठी तापवंल मग?" आणि भावाकडे वळून, "ठेव रं आत हंडा."

न्हाणीचं दार लागलं. आप्पा बाहेर पावसात उभेच. मी छत्री पुढे केली.

"थांबा वैनी," ते म्हणाले. "पहिला तांब्या पडू दे."