हुग्गी आणि लग्नातला कोट

लातूरच्या डाळमिलमध्ये दुपारी यंत्रं थांबली की मालक ईश्वरप्पा पोती तोलायच्या काट्यावर हळूच चढत. तीन महिन्यांत सहा किलो उतरले होते. तीस वर्षांपूर्वीचा लग्नातला कोट महिन्यापूर्वी चक्क अंगात शिरला होता, आणि आता रविवारपर्यंत तो तसाच बसायला हवा होता. लग्नात फोटोग्राफरचा रोल वाया गेला, तेव्हापासून बायको मल्लम्मा एका जोडीच्या फोटोसाठी थांबली होती; तो आता रविवारी काढायचा होता.

"अप्पा, भाकरी अर्धी, भात बंद. डाळ-भाजी पोटभर खावा," लेक मंजुश्रीने बजावलं होतं. "गोडाच्या वाटेला जाऊ नका. त्यानं पोट भरतंय, पण तासाभरात दुप्पट भूक लागतीय."

डाळीला तोटा नव्हता, पण जीव काही भरत नव्हता. जरा डोळा लागला की तुरीच्या पिवळ्या धुळीतून गरम भाकऱ्या संथपणे तरंगत यायच्या.

सोमवारी मल्लम्माने मठात द्यायला गव्हाच्या, गूळ घातलेल्या हुग्गीचे दोन डबे दिले. ईश्वरप्पा पोत्यांना टेकले, डोळा लागला आणि ते थेट मांजरा नदीच्या काठी पंगतीत जाऊन बसले. वाढपी वाढत होता, हे खात होते. स्वप्नातल्या जेवणाला वजन नसतं, म्हणून झोपेतही ते सुखाने हसले. जाग आली तेव्हा मिशा चिकट होत्या आणि एक डबा रिकामा होता.

तासाभरात खरोखरच दुप्पट भूक लागली. दुसरा डबा त्यांनी टक्क जागेपणी संपवला.

"स्वामीजींना हुग्गी लई आवडली," घरी त्यांनी ठोकून दिलं.

"हाव का? मग उद्या बी करते की."

मंगळवारी डबे आले, बुधवारी आले, गुरुवारीही आले. तीन वाजले की भूक उठायची आणि मठ राहून जायचा. शुक्रवारी काटा तीन किलो वर गेला, कोटाची बटणं काजापर्यंत पोचेनात. ईश्वरप्पांनी कोट पिशवीत कोंबला आणि शिंपी चांदपाशाचं दुकान गाठलं.

"दोन बोटं सोडा. घरी कळू देऊ नका."

चांदपाशाने कोट उलटा करून पाहिला. "सोडायला कापड कुठंय, मालक? भाभींनी महिन्याखालीच सगळं सोडवून नेलं."

"काय?"

"म्हणल्या, मालक लई कष्ट करून राहिले. पर तेवढ्यानं हा कोट काय चढायचा न्हाई. त्यांना सांगू नका."

ईश्वरप्पांना भरून आलं. घरी जाऊन त्यांनी मल्लम्मासमोर हुग्गीचं सगळं कबूल केलं.

"मला सोमवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "स्वामीजी पंधरा दिवस झाले श्रीशैलला गेलेत."

"मग रोज हुग्गी का करत होतीस?"

"तीन महिन्यांनी तुम्ही हसत घरी आला होता."

रविवारी फोटो निघाला. त्यात कोट अगदी मापात बसलेला दिसतो, कारण उघड्या बटणांपुढे मल्लम्मा उभी आहे.