पुदिन्याचे ग्लास

आमच्या घरात मला कुणी काही विचारत नाही. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हापासून तर आमटीत मीठ बरोबर आहे का, एवढंही विचारत नाहीत. (मी सांगतो. पण विचारत नाहीत.) त्यामुळे एप्रिलमध्ये वडिलांनी मला समोर बसवून चक्क सल्ला मागितला, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का.

वडील, म्हणजे देवराम, सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं काढून रिटायर होत होते. नातेवाईक आणि शिफ्टमधले दोस्त मिळून चाळीस जणांना जेवण द्यायचं होतं. जेवण चांगलं हवं, आणि दोस्तांसाठी ‘बाकीची सोय’ही हवी. अशी हॉटेलं शोधायला घरात मीच लायक, कारण त्यांच्या शब्दांत, ‘गाव उंडारायला तुझ्याइतका वेळ कुणाला आहे?’

मीही संधी सोडली नाही. आमच्या घराखाली रिकामा गाळा आहे. तिथे चार टेबलांचं हॉटेल काढू द्या, असं मी दोन वर्षं घसा फोडून सांगतोय. वडिलांना तो गाळा क्लासवाल्याला द्यायचा होता. म्हणजे वर मी शिक्षण सोडून बसणार आणि खाली अख्खी कॉलनी शिकणार. मी म्हटलं, काम करतो, पण गाळा मला.

"एकाही पाहुण्याची तक्रार आली नाही, तर गाळा तुझा," वडील म्हणाले. "पण आत्याची सही लागेल."

जागेवर वडिलांच्या थोरल्या बहिणीचं, सखुबाई आत्याचंही नाव आहे. आत्या घोटीला असते, स्वतःची भातशेती स्वतः बघते आणि तिच्यापुढे वडीलसुद्धा आवाज खाली ठेवतात. ती सही करेल असं मला वाटत होतं. (मला बरंच काही वाटतं.)

मी नऊ दिवस वडिलांच्या स्कूटरवर अख्खं नाशिक पालथं घातलं. गंगापूर रोडला एका ठिकाणी मटण लाकडी फळीवर आलं. रस्सा फळीवरून टेबलावर, टेबलावरून माझ्या पँटवर. कॉलेज रोडला मेनू कार्डच नव्हतं, मोबाईलने स्कॅन करा म्हणाले. वडिलांचे दोस्त स्कॅन करत बसले असते तर सेकंड शिफ्ट सुटली असती. विंचूरकडे एकाने वाइनचा ग्लास हातात दिला आणि आधी वास घ्या म्हणाला. वडिलांचे दोस्त वास घ्यायला येत नाहीत.

आणि मग सातपूरमध्येच, वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत, मला मोतीरामचं हॉटेल सापडलं. बाहेर ‘परमिट रूम व फॅमिली’ अशी पाटी, आत पत्र्याचे पंखे. पण काळ्या मसाल्याचं मटण असं, की पहिल्या घासाला मी बोलायचा थांबलो. (ओळखणाऱ्यांना याचं महत्त्व कळेल.) बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात. फर्स्ट शिफ्ट सुटली की कामगार येतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. हॉटेल चांगलं असल्याचा मला तरी दुसरा पुरावा लागत नाही. मी सलग तीन दिवस जेवलो. तिसऱ्या दिवशी मोतीरामने हळूच विचारलं, घरी भांडण झालंय का?

ही जागा मी घरी सांगितली आणि वडीलधाऱ्यांची मीटिंग बसली. दोन तास चालली. रावजी काका, वडिलांचे धाकटे भाऊ, हेडमास्तर, व्यसनमुक्तीवर शाळाशाळांतून भाषणं देतात. मी विसाव्या वर्षी एक बिअर प्यायलो, तर याच काकांनी मला सव्वा तास उभं केलं होतं आणि तेव्हा त्यांच्याच तोंडाला वेलदोड्याचा एवढा वास होता की मला बासुंदी आठवली. ते म्हणाले, बारमध्ये बायकामाणसांसमोर दारू? शोभत नाही.

मी म्हटलं, मग दारू नको.

काका घाईघाईने म्हणाले, नको असं नाही, दिसायला नको.

यांना प्यायची आहे आणि प्यायलेलंही नको आहे. मी सांगितलं, प्यायची तर सरळ प्या, बायकांना गेली तीस वर्षं सगळं माहीत आहे. त्यावर मला अजून लहान आहेस असं कळवण्यात आलं. मग ठराव झाला: रंग नसलेली दारू म्हणून व्होडका, ती लिंबू सरबतात आणि ते सरबत स्टीलच्या ग्लासात. बायकांनाही तसल्याच ग्लासात साधं सरबत. लांबून सगळे सारखेच दिसतील.

प्रश्न एकच राहिला. ग्लास ओळखायचे कसे? तो मी सोडवला. पुरुषांच्या ग्लासात वर पुदिन्याचं एक पान. काकांनी माझी पाठ थोपटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. (तिथेच मला संशय यायला हवा होता.)

रविवारी दुपारी मोतीरामचा हॉल भरला. एका बाजूला पुरुष, समोर बायका. दोन्ही सरबतं मी स्वतःच्या हाताने केली, ट्रे लावले आणि रस्सा बघायला भटारखान्यात गेलो, पाचच मिनिटं. परत आलो तर बहिरू, पन्नाशीचा जुना वेटर, भिंतीला टेकून घाम पुसत होता.

"भाऊ, त्या घोटीच्या बाईंनी ट्रे बदलायला लावले," तो म्हणाला.

घडलं ते असं. बहिरू दोन्ही ट्रे घेऊन निघाला. आत्याने पाहिलं, पुरुषांच्या सरबतात पुदिना आहे आणि बायकांच्या नाही. आत्याने त्याला हॉलच्या मध्ये उभं केलं.

"पुदिना काय फक्त गड्यांनाच उगवतो व्हय?" ती म्हणाली. "इकडं आण तो ट्रे. त्यांना दे हे साधं."

बहिरूने काकांकडे पाहिलं. काका बोलणार काय? पुदिन्याचे ग्लास आमचे आहेत, असं म्हटलं की का, हेही सांगावं लागलं असतं. चौतीस वर्षं कारखान्यात संप करणारी माणसं, एकानेही तोंड उघडलं नाही. ट्रे गेले.

मी धावलो तोवर आत्याचा पहिला ग्लास रिकामा होता आणि दुसरा हातात होता. शेजारी आईने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ग्लासाकडे बघितलं आणि शांतपणे तो संपवला. पलीकडे पुरुष साधं लिंबू सरबत पीत दुखवट्याला बसल्यासारखे बसले होते. अपवाद रावजी काका. त्यांना दुसऱ्या ग्लासात सवयीनेच चढली. डोळे भरून आले आणि ते शेजारच्या फिटरला सांगू लागले, आयुष्यात मला कुणी समजून घेतलं नाही.

मग आत्या उठली. गाल लाल, पदर कंबरेला खोचलेला. म्हणाली, दोन शब्द बोलायचे आहेत.

"माझा देवराम लय शिस्तीचा," तिने सुरुवात केली. "आयटीआयला दोनदा नापास झाला आन् पळून घोटीला माझ्याकडं आला. चार महिने भाताच्या गिरणीत पोती मोजत होता. मी कान धरून परत पाठवला."

माझ्या मनात तर बँडच वाजायला लागला. ‘आपल्या खानदानात कुणी काही अर्धवट सोडलं नाही,’ हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकत आलोय. मी वडिलांकडे पाहिलं. ते लिंबाची बी शोधत होते.

"आन् एक," आत्या म्हणाली. "अशी पार्टी मी उभ्या जन्मात नाय पाहिली. मटण तर झकास हायच, पण हे सरबत... गुडघ्याचं दुखणंसुदिक गेलं बघ. देवराम, तुझा तो गाळा रिकामा हाय ना? हे सरबत ज्यानं केलं, त्याला देऊन टाक. मी आत्ता सही करते. कुणी केलं हे?"

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला.

"आत्या, ते सरबत..." मी म्हणालो आणि तिथेच अडकलो. मी केलं म्हटलं, तर त्यात काय घातलं तेही सांगावं लागणार. आत्याला दारू पाजणारा भाचा म्हणून मला घोटीपासून नाशिकपर्यंत तुडवलं असतं. काकांच्या डोळ्यांतलं पाणी एका क्षणात आटलं आणि त्यांनी माझ्या पायावर बूट ठेवला. वडील नकारार्थी मान हलवत होते, इतकी सावकाश की फक्त मलाच दिसावी.

"...मोतीरामने," मी म्हणालो.

टाळ्या मोतीरामला पडल्या. सहीसुद्धा त्याच दुपारी, बिलाच्या पावतीमागे. एकाही पाहुण्याची तक्रार आली नाही. वडिलांनी ते कबूलही केलं, वर म्हणाले, बघ, जागा शोधायला गेलास आणि भाडेकरूही शोधून आणलास.

आता आमच्या गाळ्यात मोतीराम सरबत सेंटर आहे. मोतीराम भला माणूस, त्याने मला काउंटरला ठेवलंय. रिटायर झालेले वडील गल्ल्यावर बसतात. दर गुरुवारी आत्या घोटीहून खास येते, मी केलेलं सरबत घोटभर पिते आणि चारचौघांत ग्लास खाली ठेवते.

"त्या दिवसाची चव नाय," ती म्हणते. "ह्या पोराला सरबतसुदिक धड जमत नाय."

आणि गल्ल्यावरून वडील, मान वर न करता, म्हणतात, "तेही अर्धवटच शिकलाय."