हंस ओरडेपर्यंत

डोरीन क्विग्ली उलटी चालायची. ऑल्डरफोर्ड विद्यापीठ बघायला आलेल्यांना फिरवणाऱ्यांचा तो नियमच होता: तोंड पाहुण्यांकडे, पाठ वाटेकडे. अठ्ठावन्नाव्या वर्षी डोरीन घंटाघरापासून जुन्या ग्रंथालयापर्यंत मागे मागे चालत जायची आणि तोंडाची टकळी एकदाही थांबायची नाही. कुठली फरशी वर आलीय, कुठली पायरी झिजलीय, हे तिच्या टाचांना पाठ होतं.

त्या दिवशी मात्र टाचा एकीकडे आणि डोकं भलतीकडे होतं. दुपारी तिचा संख्याशास्त्राचा पेपर होता. तरुणपणी अर्धवट सोडलेली पदवी ती आता पुरी करत होती आणि हा एकच विषय राहिला होता. नवऱ्याने, म्हणजे गसने, उतावळेपणाने केकसुद्धा सांगून ठेवला होता, त्यावर 'पदवीधर डोरीन' असं लिहायला लावून. केक आला आणि पदवी नाही आली, तर तो कुठल्या तोंडाने खायचा, ही धास्ती तिला आठवडाभर छळत होती.

मुख्य इमारतीच्या दालनात तिने नेहमीची कथा लावली. "आता इथे नीट बघा. जमिनीत विद्यापीठाची पितळी मुद्रा बसवलीय. पदवी मिळायच्या आधी जो हिच्यावर पाय देईल, त्याला पदवी कधीच मिळत नाही म्हणतात. इथली पोरं चार-चार वर्षं वळसा घालून जातात, पण पाय ठेवत नाहीत."

पाहुणे हसले नाहीत. सगळे तिच्या पायांकडे बघत होते. रंगाऱ्याने वाटेत शिडी लावली होती, ती चुकवता चुकवता डोरीन बरोब्बर मुद्रेच्या मधोमध येऊन उभी राहिली होती.

"तुमची झालीय ना हो पदवी?" अर्ल स्टब्सने विचारलं. हा म्हातारा ओहायोहून नातीला कॉलेज दाखवायला आला होता.

"आज दुपारी शेवटचा पेपर आहे," डोरीन कशीबशी म्हणाली.

"मग आटोपलं."

"आजोबा, गप्प बसा ना," नात केंड्रा म्हणाली आणि तिने फोन काढला. "बाई, घाबरू नका. याच्यावर उतारा आहे. इथल्या पोरांनीच लिहिलंय. डावा बूट काढायचा, हंसांच्या तळ्यात त्या पायाने उभं राहायचं आणि हंस ओरडेपर्यंत हलायचं नाही. दोनशे वर्षांची परंपरा आहे म्हणे."

डोरीनला घाम फुटला. कारण ही दोनशे वर्षांची परंपरा तिने स्वतः गेल्या पावसाळ्यात जन्माला घातली होती. एका मुलीचा पाय मुद्रेवर पडला होता आणि तिची आई भर दालनात रडायला लागली होती. त्या माउलीला गप्प करायला डोरीनने जे समोर दिसलं ते जोडून दिलं: खिडकीतून तळं दिसत होतं आणि तिचा स्वतःचा डावा बूट चावत होता. तिथले हंस दिवसभर बोंबलतच असतात, म्हणून तीही अट घालून टाकली. महिन्याभरात ते साऱ्या गावाला ठाऊक झालं.

म्हणजे उतारा खोटा होता, पण शाप खोटा आहे असं डोरीनला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. अठराव्या वर्षी मैत्रिणींसमोर शेखी मिरवायला ती याच मुद्रेवर नाचली होती. त्याच हिवाळ्यात तिचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. साऱ्या गावाला उतारा लागू होता. तो जिने रचला, तिलाच तेवढा नव्हता.

"चला बाई, उशीर नको," अर्लने तिचा दंड धरला. "फेरीच्या शेवटचं ते दुग्धविभागाचं आइस्क्रीम आम्ही नंतर खाऊ."

"अहो, तसं काही नसतं," डोरीन म्हणाली.

"आत्ता तर तुम्हीच सांगत होतात, असतं म्हणून."

सगळी वरात तळ्यावर निघाली. जन्मात पहिल्यांदा डोरीन पाहुण्यांबरोबर सरळ चालत होती आणि त्यामुळे दोनदा ठेचकाळली. डावा बूट काठावर काढून, तळ्यात एक पाय टाकून ती उभी राहिली. पाणी असं गार की संख्याशास्त्र थेट टाळूतून उडून गेलं.

हंस बघत होते. पुराणातले हंस दूध आणि पाणी वेगळं करतात. ऑल्डरफोर्डचे हंस माणूस आणि त्याच्या हातातलं सँडविच वेगळं करतात, आणि तेही आरडाओरडा करून. आज मात्र सगळ्यांनी मौनव्रत धरलं होतं. कोणी पाव टाकला, तो मुकाट्याने खाल्ला. कोणी टाळ्या वाजवल्या, तर एकाने नुसती मान वळवली.

"बाई, तुमचा पेपर किती वाजता?" केंड्राने विचारलं.

"आत्ता."

"हटा सगळे," म्हणत अर्ल पुढे झाला. "चाळीस वर्षं शिकार केलीय मी." त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हंसाची अशी हाळी दिली की तळ्यावरचा सर्वांत मोठा हंस मान खाली घालून धावत आला. अर्ल चपळाईने नातीच्या मागे लपला. हंसाच्या हाती लागला तो डोरीनचा बूट. तो चोचीत धरून तो तळ्याच्या मधोमध निघून गेला. एवढं करूनही ओरडला नाहीच, कारण तोंडात बूट होता.

डोरीन एका अनवाणी पायाने परीक्षेला पोचली. दाराशी लिंडक्विस्ट सर प्रश्नपत्रिका घेऊन उभे होते. तिच्या मुलापेक्षा लहान, गंभीर माणूस.

"माफ करा सर, माझा बूट..." ती बोलता बोलता थांबली. सरांच्या विजारीची डावी बाजू पोटरीपर्यंत दुमडलेली होती आणि खालचा पाय उघडा, ओला, निळा पडलेला होता.

"उद्या माझ्या नोकरीचा निर्णय आहे, कायम करायचं की नाही," सर हळूच म्हणाले. "आणि सकाळी ती मेली शिडी आडवी आली."

"पण सर, तुम्ही तर पदवीधर आहात. आणि संख्याशास्त्राचे."

"म्हणून तर. तळ्यात उभं राहिलेला माझ्या वर्गातला एकही जण वर्षभरात नापास झालेला नाही, डोरीनबाई. आकडे खोटं बोलत नाहीत."

डोरीनच्या जिभेवर खरं आलं होतं, पण तिने ते गिळलं. "तुमचा हंस ओरडला का?"

"छे हो. शेवटी मीच ओरडलो."

ती जागेवर बसली आणि तिने प्रश्नपत्रिका उलटली. पहिला प्रश्न होता: 'दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असं म्हणता येईल का? उदाहरण देऊन स्पष्ट करा.'

डोरीनने सरांच्या उघड्या पायाकडे पाहिलं. मग स्वतःच्या. आणि मग तिला तो हिवाळा आठवला. बाबांना अर्धांगवायू झाला होता, दुकान उघडायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती परत गेली होती. कोणी घालवलं नव्हतं तिला, ती आपल्या पायांनी गेली होती, आणि पुन्हा तसाच प्रसंग आला असता तर पुन्हा गेली असती. त्यात पितळेच्या तुकड्याचा काय संबंध? इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलावा, तसं तिला झालं. डोळे पुसून ती लिहायला लागली. तिने मुद्रेचं लिहिलं, उताऱ्याचं लिहिलं, तो कोणी रचला तेही लिहिलं. फक्त सरांच्या पायाचं वगळलं. पुरवणी मागावी लागली. बाकीचे प्रश्नही मग शहाण्या पोरांसारखे सुटत गेले.

पेपर देऊन ती लंगडत, पण हसत बाहेर पडली. घरी फोन करून गसला म्हणाली, "केक आणून ठेव. आता नाही अडत काही."

घरची वाट मुख्य इमारतीतूनच जात होती. शिडी काढलेली होती, दालन रिकामं होतं, आणि पितळी मुद्रा उन्हात लखलखत होती. डोरीन तिच्यापाशी क्षणभर थांबली आणि भिंतीच्या कडेकडेने लांबचा वळसा घालून निघून गेली.

निकाल अजून लागायचा होता.